हौद्यात किती वजन, त्यावर टायर ठरवा

पिकअपच्या टायरबद्दल यावेळी इतकी पत्रं आली आहेत की बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून हा अंक त्यांनाच दिला आहे. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे, त्यामुळे त्यातली पाच निवडली.

प्रश्न : ताई, माझ्या पिकअपला कंपनीचे २६५/६५ आर १७ टायर आहेत. मला २८५/७० आर १७ टाकायचे आहेत. टायरवाला म्हणतो, रिम तीच चालेल, टायर आरामात बसेल. मित्र म्हणतात, गाडीचा दम जाईल. कोणाचं ऐकू? गाडी चार-बाय-चार आहे. आठवडाभर कामाला असते आणि सुट्टीत कच्च्या डोंगरवाटांना जाते.

उत्तर : तुमच्या रिमची रुंदी साडेसात इंच किंवा जास्त असेल तर टायर रिमवर बसेल, टायरवाला खोटं सांगत नाही. गाडीला तो झेपेल का, हे मात्र त्याने पाहिलेलं नाही.

आधी आकडे उलगडू. २६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ती एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत मोजतात. रस्त्याला टेकणारी नक्षी त्याहून अरुंद असते. ६५ हे मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत. टायरच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १७२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १७ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं एकत्र कोंबलेली आहेत. माणसं गोंधळतात यात त्यांचा काही दोष नाही.

तुमच्या बाबतीत घोळ इथेच झाला आहे. १७ तसाच राहिला, ६५ चे ७० झाले, म्हणजे पाचाचाच फरक, असं वाटतं. पण ते ७० टक्के आता २८५ चे काढायचे आहेत. भिंत १७२ वरून जवळजवळ २०० मिलिमीटरवर जाते. भिंत वरही वाढते आणि खालीही, म्हणून फरक दुप्पट होतो. सध्याच्या टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर आहे, नव्याचा ८३१ होईल. वाढ सात टक्के. पिकअपच्या बाबतीत सात टक्के पुष्कळ झाले.

काटा आधी अगदी बरोबर असेल, तर आता तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ ने धावत असेल. वेग दाखवणाऱ्या काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ क्रमांकाच्या नियमात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. मोठ्या टायरने ही राखलेली जागा संपते. किलोमीटरचंही तसंच. मीटरवर दहा हजार दिसतील तेव्हा गाडी दहा हजार सातशे धावलेली असेल, म्हणून ऑइल बदलायची वेळ मीटरच्या आधी आलेली असते. मोठे टायर टाकल्यावर मायलेज पडलं अशी तक्रार अनेक जण करतात. मायलेज खरोखर काही प्रमाणात पडतं, पण त्यातला एक भाग हा मीटरने किलोमीटर कमी मोजल्याचा असतो. मीटरवरच्या किलोमीटरांना १.०७ ने गुणा आणि मग तुलना करा.

मित्र म्हणतात तो दम कुठे जातो? तुमच्या गाडीच्या मागच्या एक्सलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा, ३.९१ आहे असं धरू. व्यास सात टक्के वाढला की ते ३.६५ असल्यासारखं वागतं. पहिला गिअर लांब होतो, म्हणजे त्याची ओढ कमी पडते. भरलेली गाडी चढावर हलवायला क्लच जास्त वेळ अर्धा दाबून ठेवावा लागतो आणि जळतो तोही क्लचच. ब्रेकचंही हेच गणित आहे. पेडल तेवढंच दाबलं तरी रस्त्यापर्यंत पोचणारा रोध कमी होतो, कारण चाकाची त्रिज्या वाढलेली असते. भर म्हणजे हे टायर अनेकदा एलटी (लाइट ट्रक) या जड बांधणीतच मिळतात. त्यांचं वजन जास्त असतं, शिवाय तेवढ्याच हवेत ते सध्याच्या टायरपेक्षा कमी वजन पेलतात. त्यामुळे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला हवेचा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

एवढं सगळं सोसून मिळतं काय? एक्सलखालची उंची २७ मिलिमीटरने वाढते. अंगठ्याच्या पेरापेक्षा ती फार जास्त नाही.

मी तुमच्या जागी असते तर त्याच रिमवर २६५/७० आर १७ टाकले असते. व्यास ८०३, वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत. मी स्वतः तीन टक्क्यांच्या आसपास थांबते, आणि हे माप त्या रेषेच्या थोडंसंच पलीकडे आहे. तरीही बसवून झाल्यावर नुसतं सपाट फरशीवर उभं राहून पाहू नका. पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि मडगार्डच्या अस्तराला आणि चॅसीला टायर कुठे लागतो ते बॅटरीच्या उजेडात बघा. मागे तेच भरलेल्या गाडीवर करा. रिकामी गाडी खोटी साक्ष देते.

डोंगरवाटांसाठी उंचीपेक्षा ए/टी (ऑल-टेरेन, पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांची) नक्षी आणि कच्च्या रस्त्यावर बेताने कमी केलेली हवा जास्त कामाला येते. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी मात्र हवा पुन्हा भरायचीच. पंप गाडीत नसेल तर हवा सोडूच नका. आणि पाचवा टायर विसरू नका. स्टेपनी त्याच मापाची हवी, आणि हौद्याखालच्या तिच्या जागेत ती मावायला हवी. चार-बाय-चारमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं असेल आणि चारही चाकं जोडून कोरड्या पक्क्या रस्त्यावर गाडी चालवली, तर ताण थेट गिअरवर येतो.

माप बदलण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने कोणती पर्यायी मापं मान्य केली आहेत ते वाचा. तुमच्याकडचे वाहन नियम आणि विम्याच्या अटीही त्याच वेळी तपासा.

प्रश्न : माझी लहान पिकअप बांधकामाचं सामान वाहते. टायर १९५ आर १४ सी आहेत. मागचे दोन संपले. दुकानदाराने १९५/७० आर १४ दाखवले. रुंदी तीच, रिम तीच, शिवाय गाडी कमी उसळेल म्हणतो. टाकू का?

उत्तर : नका टाकू. या अंकातलं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे उत्तर पूर्ण वाचा.

टायरच्या मापानंतर एक छोटा आकडा असतो, त्याकडे कोणी बघत नाही. तुमच्या सध्याच्या टायरवर बहुधा १०६/१०४ असेल. तो भारांक. १०६ म्हणजे एका टायरवर ९५० किलो. तिरक्या रेषेनंतरचा १०४ हा मागे जोडीने चाकं असलेल्या गाड्यांसाठी, तिथे प्रत्येक टायरला ९०० किलो. दुकानदाराने दाखवलेला टायर मोटारीचा आहे. त्यावर ९१ च्या आसपासचा आकडा असेल, आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. एका टायरमागे ३३५ किलो गेले, एक्सलमागे ६७० किलो. तुमच्या पिकअपमध्ये तेवढा तर मालच असेल.

सी हे अक्षर मालवाहू बांधणीचं आहे. त्या टायरची भिंत जाड असते आणि त्यात हवाही जास्त दाबाची भरतात. १०६ चा भार पेलायला या टायरला साधारण ६५ पीएसआय लागतात. मोटारीच्या टायरचा भारांक ३५-३६ पीएसआयला मोजलेला असतो. गाडी कमी उसळेल हे दुकानदार बरोबर सांगतो. ती कमी उसळते कारण टायर दबतो, आणि भाराखाली दबत राहणारा टायर आतून तापतो.

व्यासही जुळत नाही. तुमच्या टायरवर टक्केवारी छापलेली नाही. अशा जुन्या पद्धतीच्या मापात भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. त्यामुळे तुमचा टायर ६६५ मिलिमीटरच्या आसपास, आणि १९५/७० आर १४ मात्र ६२९. मागची बाजू खाली बसेल आणि मागची चाकं जास्त फेरे घेतील.

हे मी एवढं तळमळीने लिहिते त्याला कारण आहे. वडिलांच्या टायरच्या दुकानात मी सतरा वर्षांची असताना टायर लिव्हर हातात घेतली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक पिकअपवाले असेच मोटारीचे टायर मागायला आले. वडील बाहेर गेले होते. मी नाही म्हणाले, त्यांनी आग्रह धरला, आणि शेवटी मी बसवून दिले. काही आठवड्यांनी ते एका टायरच्या चिंध्या घेऊन आले. भरलेली गाडी उतारावर असताना मागचा टायर फाटला होता. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. वडिलांनी मला काही बोललं नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूचा टायर, जो बाहेरून धडधाकट दिसत होता, तो काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, आत हात घाल. माझा हात काळ्या रबरी भुकटीने माखून बाहेर आला. भिंतीचं आतलं रबर वाकून वाकून, तापून दळलं गेलं होतं. तो टायरही फुटण्याच्याच वाटेवर होता. त्या दिवसापासून भारांक वाचल्याशिवाय मी एकही टायर रिमवर चढवलेला नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगते. नेहमीचा माल भरा, टाकी भरा, रोज बरोबर असणारी माणसं बसवा आणि वजनकाट्यावर जा. आधी संपूर्ण गाडीचं वजन घ्या. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरं वजन घ्या. मागच्या एक्सलचा आकडा दोनाने भागा. समजा मागे १,६०० किलो आले, तर टायरमागे ८००. भारांक १०० म्हणजे बरोबर ८००, पण बरोबरीवर थांबायचं नसतं. माल हौद्यात कधीच मधोमध राहत नाही, आणि वळणावर एका बाजूचं चाक दुसऱ्याचंही ओझं घेतं. कंपनीने दिलेला भारांक हीच खालची मर्यादा समजा. वर जायला हरकत नाही, खाली कधीच नाही. आणि काट्यावरचा आकडा गाडीच्या पट्टीवर दिलेल्या एक्सलच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर मोठा टायर हा त्यावरचा उपाय नव्हे. माल कमी करावा लागेल, कारण पाटे, बेअरिंग आणि ब्रेक आहेत तेच राहतात.

एक बारीक गोष्ट राहिली. हवेचा दाब ६५ पीएसआयच्या वर न्यायचा असेल तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, जास्त दाबाचा घ्या. नवीन टायर बसवताना व्हॉल्व्हही नवीनच घालून मागा.

प्रश्न : मित्राच्या फोर्ड रेंजर पिकअपची सहा नटांची २० इंची अलॉय चाकं मला मिळत आहेत. माझी टोयोटा हायलक्स, तिलाही सहाच नट. भोकं जुळतात हे आम्ही मोजून पाहिलं. घ्यावीत का?

उत्तर : भोकं जुळली हे खरं. दोन्ही गाड्यांना ६ × १३९.७ हेच माप आहे. सहा नटांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, १३९.७ मिलिमीटर. पण चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाचं काय? हायलक्सच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाला, १०६.१ मिलिमीटर लागतात, रेंजरच्या रिमला ९३.१ असतात. तुमच्या हबवर ते चाक पूर्ण आत जाऊन टेकणारच नाही. कोणी कापून मोठं करून देतो म्हणालं तर नकार द्या. चाकाच्या सगळ्यात ताणाच्या जागेवरचा धातू त्यात जातो.

दुसरी अलॉय चाकं बघाल तेव्हा आतल्या बाजूला कोरलेलं ईटी वाचा. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते तो आकडा सांगतो. ईटी ३० च्या जागी ईटी ० चं चाक लावलंत तर प्रत्येक चाक तीन सेंटीमीटर बाहेर येतं. दिसायला ते रुबाबदार दिसतं. पण बेअरिंगवर पडणारा भार बाहेर सरकतो, खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं आणि चिखल मडगार्डच्या बाहेरून दारांवर उडतो. रिमवर किलोमध्ये कोरलेली भारमर्यादाही बघा. नटाची बैठक शंकूची आहे की सपाट, तेही पाहा. शंकूच्या बैठकीत सपाट नट कसला तर तो घट्ट वाटतो आणि हळूहळू सुटतो. नवीन चाकं लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासायचे, यात आळस नको.

आता २० इंचांबद्दल माझं मत. व्यास जुळवता येतो: २६५/६५ आर १७ चे ७७६ मिलिमीटर आणि २६५/५० आर २० चे ७७३. काटा बरोबर राहील. पण भिंत १७२ वरून १३२ वर येते. खड्ड्याचा मार आधी भिंत झेलत होती, आता तो रिमपर्यंत पोचेल. भारांकही बघा. १७ इंचीवर सहसा ११२, म्हणजे १,१२० किलो असतात. या २० इंचीमध्ये १०७ किंवा १११ दिसतील, म्हणजे ९७५ किंवा १,०९०. जी गाडी माल वाहते तिला रिम मोठी करून हवेची उशी कमी करणं मला पटत नाही. चेहरा बदलायचाच असेल तर १८ इंचांवर थांबा. २६५/६० आर १८ चा व्यास ७७५ आहे आणि भिंत १५९ ची राहते. उलट दिशेला, १५ किंवा १६ इंचांवर जायचा विचार असेल तर आधी ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते रिकामी रिम लावून, हाताने फिरवून बघा.

प्रश्न : जुन्या पिकअपला ३१ × १०.५० आर १५ असे टायर आहेत. हे माप नव्या मापांशी कसं ताडायचं?

उत्तर : यात सगळं इंचांत आहे. पूर्ण टायरचा व्यास ३१, रुंदी साडेदहा, रिम १५. गुणिले २५.४ केलं की ७८७ आणि २६७ मिलिमीटर मिळतात. मात्र हे ३१ नावापुरते असतात. प्रत्यक्ष टायर बऱ्याचदा अर्धा इंच कमी भरतो, म्हणून कंपनीच्या तक्त्यातला मोजलेला व्यास घ्या आणि त्याच्याशी ताडा. टायरची रुंदीही रिमवर अवलंबून असते. रिम अर्धा इंच रुंद घेतली की टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतो.

प्रश्न : दोनच नवे टायर घ्यायचे आहेत. पुढे घालू की मागे?

उत्तर : नवे मागे, आणि मागचे त्यातल्या त्यात बरे असतील तर ते पुढे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते. पुढची चाकं सरकली तर हातातल्या स्टिअरिंगमधून ते निदान आधी कळतं. तुमची गाडी कायम चारही चाकांवर चालणारी असेल तर मात्र दोनावर भागवू नका. झिजलेल्या आणि नव्या टायरच्या व्यासात फरक असतो, आणि असा फरक किती चालेल ते पुस्तिकेत बघून घ्या. घेताना टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा: २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. हे चार अंक कधी कधी एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर टायर चढवण्याआधी उलटून बघू द्यायला सांगा.